आक्काच्या हातचं तिखट

'कुणाला सांगू नका हं' म्हणत गावभर सांगत सुटायची मला खोड आहे. मित्र त्यावरून चिडवतात, आणि ते काही खोटं नाही. पण ही एक गोष्ट — ही मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. देवापुढे उभा राहिलो की मनात दुसरंच काहीबाही बोलतो आणि घंटा वाजवून बाहेर येतो.

कुठून सुरू करू? दाजींपासून करतो. निदान तेवढं तरी सरळ आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दशरथ. मखमलाबादच्या पुढे त्यांची शेती. गुलाब, झेंडू लावायचे आणि पहाटे फुलं बाजारात आणायचे. भावाभावांत वाटणी झाली आणि वाट्याला आलं त्यात एक घर भागेना. मी तेव्हा अंबडला एका प्लेटिंगच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. आक्का म्हणाली, "शरद, ह्यांना चिकटव ना कुठंतरी तुझ्याकडं." आक्काला नाही म्हणणं मला शक्यच नव्हतं. डिप्लोमाची सगळी वर्षं मी तिच्या घरी राहून काढली होती. तिच्या हातचा काळा मसाला, तिच्या हातचा ठेचा — नाकाडोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी पुन्हा भाकरी मागून घ्यायचो.

मी दाजींना चिकटवलं. क्रोमच्या टाकीवर.

आता ही टाकी काय ते सांगायला हवं. मोटारसायकलच्या हँडलला, नळाला आरशासारखी चकाकी असते ना, ती क्रोमची. गरम रसायनात माल बुडवायचा आणि वीज सोडायची. टाकी खदखदते आणि पिवळसर वाफ वर येते. ती ओढून घ्यायला टाकीच्या कडेला मोठा पंखा असतो. आमच्याकडेही होता. पण तो वाफेबरोबर महागाचं रसायनही ओढून नेतो, वीज खातो ते वेगळंच, म्हणून मालकांनी तो बंद ठेवायला सांगितलं होतं. तपासणीला कुणी येणार असलं की सुरू करायचा. त्याचं बटण माझ्या केबिनमध्ये होतं, माझ्या खुर्चीच्या मागे.

ती वाफ काय करते हे मला माहीत नव्हतं, असं सांगू का? सांगता आलं असतं. पण मला माहीत होतं. डिप्लोमाला शिकवलं होतं, आणि आधीच्या नोकरीत टाकीवर जन्म गेलेल्या एका कारागिराचं नाक मी जवळून पाहिलं होतं.

दाजी कामाला वाघ. मालाचा रंग नुसता बघून टाकीत काय कमी पडलंय ते सांगायचे. कारखान्यात मला चारचौघांसारखंच 'साहेब' म्हणायचे, घरी 'शरदराव'. मी घरी त्यांच्या पाया पडायचो आणि कारखान्यात त्यांना पाळीचं काम वाटून द्यायचो. दोघांनाही ते अवघड जायचं, पण आम्ही त्याची थट्टा करून वेळ मारून नेत होतो.

वर्ष झालं असेल नसेल, त्यांचा घोळणा फुटायला लागला. आधी कधीतरी, मग वरचेवर. एका रविवारी मी आक्काकडे जेवायला बसलो होतो आणि समोर दाजींच्या ताटात रक्त पडलं. आक्का घाबरली. "शरद, ह्यांचं नाक का फुटतंय रे? तू तर तिथंच असतो." मी घास गिळेपर्यंत तिची सासू म्हणाली, "उष्णता हाय ती. दिवसभर त्या गरम टाकीपाशी ऱ्हातो, दुसरं काय व्हईल?"

आणि मी म्हणालो, "हो आक्का, उष्णताच."

बघा, हे खोटं मी रचलं नव्हतं. ते आयतं ताटात वाढून आलं. मी फक्त हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर दाजींना टाकीवरून काढावं लागलं असतं, आणि त्यांना का काढलं हे बाकीच्यांनी विचारलं असतं. मग टाकीवर कोण उभं राहिलं असतं? मालकांना काय सांगितलं असतं? माझी बढती तोंडाशी आली होती. एवढंच कारण. याहून मोठं काही सांगायला माझ्यापाशी नाही.

आक्कानं उष्णतेशी दावा मांडला. दुर्वांचा रस नाकात, फोडलेला कांदा नाकाशी, उशाला धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, गुलकंद. आणि तिखट बंद. कुटून ठेवलेला मसाला तिनं माझ्या बायकोला देऊन टाकला. नवा केला नाही. ठेचा त्या घरात पुन्हा झाला नाही. दाजी जेवताना म्हणायचे, "शरदराव, दवाखान्यातबी याच्यापेक्षा चव असंल." आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. तिथून निघालो की वाटेत थांबून झणझणीत मिसळ खायचो, दर रविवारी.

पुढे रक्त यायचं कमी झालं. आक्काला वाटलं, गुण आला. खरं म्हणजे नाकाचा मधला पडदाच उरला नव्हता. डब्याच्या सुट्टीत दाजी सुताचा दोरा एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढून दाखवायचे आणि टाकीवरची सगळी हसायची. टाकीवर मुरलेल्या माणसाची ती खूण मानायचे ते. नव्यांना दोरा जात नाही म्हणून चिडवायचे! मी केबिनच्या काचेतून बघायचो. खुर्चीवरून मागे हात केला असता तर बटण हाताला लागलं असतं.

दसऱ्याला त्यांनी शेतातले गुलाब आणून माझ्या टेबलावर ठेवले होते. म्हणाले, "वास कसाय, सांगा बरं. मला काय येत नाय आता." मी म्हणालो, छान आहे. फुलं लावणाऱ्या घरातला माणूस तो! मला त्या वेळी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ओसरली.

असं करत करत दहाएक वर्षं गेली. पण ज्यासाठी लिहायला बसलो ते अजून आलंच नाही. मी टाळतोय, तुमच्याही लक्षात आलं असेल.

दाजींना खोकला लागला, मग आवाज बसला, मग खोकल्यातून रक्त. शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. आक्का बाहेर बाकावर, आत आम्ही दोघं. डॉक्टरांनी छातीचा फोटो वर धरला आणि फुफ्फुसातली गाठ बोटानं दाखवली. मग विचारलं, "बिडी, सिगारेट?" दाजींनी मान हलवली, नाही. कधीच नाही. डॉक्टर म्हणाले, "नवल आहे. मग काम काय करता तुम्ही?"

दाजींना बोलायला दम घ्यावा लागायचा. त्यांनी दम घेतला. तेवढ्यात मी म्हणालो, "पॅकिंगला आहेत, डॉक्टर. माझ्याच हाताखाली."

झालं ते एवढंच. डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढचं विचारायला लागले. दाजींनी घेतलेला दम तसाच सोडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खरं बोललो असतो तर कामावरचा आजार म्हणून त्याची नोंद झाली असती, आक्काला पुढे हक्काचा आधार मिळाला असता, टाकीवर अजून उभे होते त्यांची तपासणी झाली असती. पंखा का बंद होता हेही कुणीतरी विचारलं असतं — आणि बटण कुणाच्या मागे होतं तेही. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. म्हणजे मी गोंधळून बोललो, असंही नाही.

बाहेर आलो. आक्का औषधं आणायला गेली. दाजी भिंतीला टेकून उभे राहिले आणि बसक्या आवाजात म्हणाले, "साहेब, तुम्ही बसा. उभे नका राहू."

कारखान्याबाहेर त्यांनी मला कधीही साहेब म्हटलं नव्हतं. त्यानंतर शेवटपर्यंत शरदरावही म्हणाले नाहीत.

दाजींना सगळं कळत होतं का? आधीपासूनच कळत होतं का? मी विचारलं नाही. ते बिछान्यावर असताना मी रोज जायचो, फळं न्यायचो, पाय चेपायचो. लोक म्हणायचे, मेव्हणा असावा तर असा. मी ते ऐकून घ्यायचो.

शेवटी शेवटी त्यांना अन्न जात नव्हतं. एका दुपारी आक्काला म्हणाले, "ठेचा कर जरा. बोटभर. भाकरीला लावून दे." आक्का रडायला लागली. "नको ना, लय उष्ण पडंल. जरा बरं वाटू द्या, मग करीन." त्यांनी पुन्हा मागितला, पोरासारखा. ती पुन्हा नाही म्हणाली. मी तिथंच बसलो होतो. 'दे गं त्यांना, ठेच्यानं काही होत नाही' — एवढं वाक्य. जिभेवर आलं होतं. पण ठेच्यानं काही होत नसेल तर मग कशानं झालं, हे तिनं विचारलं असतं. मी मोसंबी सोलत राहिलो. चार दिवसांनी दाजी गेले.

नोकरी मी आणखी बरीच वर्षं केली. बढती तर केव्हाच मिळाली होती.

दाजी जाऊन तीनेक वर्षं झाल्यावर त्यांच्या मंदाचं, म्हणजे माझ्या भाचीचं लग्न ठरलं. मी याद्या करायला आक्काकडे गेलो होतो. आक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "मंदा म्हणती, आई, तुझा काळा मसाला मला शिकव, सासरी करून घालीन. मी आजून शिकवला नाय." मी म्हटलं, शिकव की. ती माझ्याकडे सरकून बसली. मग म्हणाली, "शरद, तू रोज त्यांच्यासंगं होता. तुला ठावं आसंल. आधीची इतकी वर्षं मी त्यांना लय तिखट घातलं. त्यानंच आतून जाळलं ना त्यांना? खरं सांग. मला राग नाय येणार."

तिला कुणावर आरोप करायचा नव्हता. पंख्याचं, टाकीचं तिच्या मनातही नव्हतं. मी फक्त 'नाही' म्हणायचं होतं. पुढे काही विचारलं असतं तर गप्प बसलो असतो, उठून गेलो असतो, काहीही केलं असतं. पण एक 'नाही' तिच्या हक्काचं होतं.

मी म्हणालो, "होऊन गेलं ते, आक्का. आता कशाला?"

तिनं मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिली. मग पदरानं तोंड पुसलं, आत गेली आणि मला ताट वाढून घेऊन आली.

मंदाचा नवरा शाळेत शिक्षक आहे. ती त्याला मिरची लागू देत नाही. आईनं शपथ घातलीय, म्हणते. मी तिच्याकडे जातो तेव्हा पानात पडेल ते खाली मान घालून जेवतो.