जावेच्या बांगड्या मी फोडल्या

हो, बांगड्या मीच फोडल्या. कुणी विचारलं तर आजही असंच सांगते.

अर्धापूरला आमची हळद असते. त्या दिवशी शेतात हळद शिजायला लावली होती. कढईवरचं झाकण काढताना धाकट्या जावेचा तोल गेला आणि उकळतं पाणी तिच्या उजव्या हातावर, पार कोपरापर्यंत आलं. ती ओरडली न्हाई, नुसती खाली बसली. त्याचीच मला जास्त भीती वाटली. लग्नाआधी लातूरला भाजलेल्यांच्या वॉर्डात मी चार वर्षं नर्स होते.

तिला ओढतच बोअरवर नेलं आणि हातावर पाण्याची धार धरली. सासूबाई धावत आल्या. "पाणी नको गं, फोड येतील. हळद लाव, घरचीच हाय."

"हळद भाजीत घाला," मी म्हटलं. "हाताला कुणी काय बी लावायचं न्हाई."

वीस मिनिटं धार सोडली न्हाई. तोवर मनगट सुजू लागलं होतं. भाजलेलं अंग फुगतं. बांगड्या रुतल्या की बोटांकडं रक्त जात न्हाई, मग हात गेलाच समजा. नात्यातल्या लग्नघरातून भरून आलेला नवा हिरवा चुडा, आधीच घट्ट. दोन बांगड्या निसटल्या, बाकीच्या अडकल्या. मी पक्कड मागवली. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "माझा लेक जित्ता हाय. त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडतीस?"

"हाव, फोडते," म्हटलं आणि हात सोडवून घेतला. मधे फडकं घालून एकेक बांगडी फोडली, काच लागू दिली न्हाई. मग धुतलेल्या चादरीत हात गुंडाळून थेट नांदेडचा दवाखाना गाठला. बांगड्या आणखी थोडा वेळ राहिल्या असत्या तर बोटं काळी पडली असती, असं डॉक्टर सासूबाईंच्या तोंडावर बोलले. बाईंनी ऐकून सोडून दिलं.

आठव्या दिवशी वॉर्डात येऊन मला म्हणाल्या, "देवापुढं नारळ ठेवून नाक घास. तवाच घरात पाऊल टाक."

माझं डोकंच फिरलं. "नाक घासायला मी काय चोरी केली?"

जाऊ पडल्या पडल्या ऐकत होती. सासूपुढं आजवर तिचा आवाज कधी निघाला नव्हता. पट्टीतून बाहेर आलेली बोटं तिनं हळूहळू हलवून दाखवली.

"आत्याबाई, तुमचे लेक बाहेर चहा पिऊन राहिलेत. त्यांना काय बी झालं न्हाई. जात होता तो माझा हात. डोकं टेकायचंच तर मी टेकते, ह्या माझ्या अक्काच्या पायावर."