पुढच्या सालाचं अक्षर

गाडीच्या कारखान्यात सगळे त्यांना सालमामा म्हणत. गाडीच्या सांगाड्यावर, म्हणजे चासीवर, नंबर ठोकायचं त्यांचं काम, आणि त्या नंबरातलं एक अक्षर गाडीचं साल सांगे. ऑगस्ट लागला की पुढच्या सालाच्या मॉडेलचं अक्षर सुरू होई आणि मामांचं मनही पुढच्या सालात पोचे. घरच्या फॉर्मांवरही ते पुढचंच साल लिहीत.

"अहो, कॅलेंडराच्या पुढे धावून पोचायचंय कुठं?" बायको वैतागे.

यंदा नवं अक्षर हातात आलं आणि मामा नुसतेच उभे राहिले. डिसेंबरात ते निवृत्त होणार होते.

"मामा, लाइन खोळंबलीय," सुपरवायझर खेकसला.

"ठोकतोय की."

संध्याकाळपर्यंत त्यांनी ते दोनशे गाड्यांवर ठोकलं. घरी पेन्शनच्या फॉर्मवर मात्र यंदाचंच साल लिहिलं, आणि दोनदा गिरवलं.