रूपालीची मिरची आकसत कशी नाही?

आमच्या नेटहाऊसचे किस्से बाहेर सांगू नयेत, असं दर सोमवारी ठरवते. पण आठवड्यात चार नवे साठतात, आणि बहुतेकांत फजिती माझीच!

परवा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. नवऱ्याला वाटलं, लेकीच्या खोकल्याची काळजी. छे! रूपालीच्या मिरचीची पानं अजून आकसली नव्हती.

आमचं अकोल्यातलं कामच उलटं. पांढऱ्या माश्यांकरवी मिरचीच्या रोपांना मुद्दाम बोकड्याचा व्हायरस द्यायचा. पानं आकसली की वाण बाद! एक वाण माझा, एक माझ्यासोबत काम करणाऱ्या अमरावतीच्या रूपालीचा. शेतातल्या चाचणीला जाणार एकच.

*

परतवाड्याहून सासूबाई आल्या. माझं काम ऐकून म्हणाल्या, "लेकरू शिंकलं तं डॉक्टर, अन् झाडाले हातानं रोग! कोन्या कॉलेजात शिकली वं तू?"

"रोगात जे टिकतं, तेच आम्ही निवडतो, आई."

"मंग पोरीले एवढ्या उनात सेटर कावून घातलं?"

*

रोग किती, याचे शून्य ते पाच गुण. शून्य म्हणजे उत्तम. सारख्याच आकसलेल्या पानाला मी माझ्याकडे एक दिला, रूपालीकडे तीन! आमच्या विभागाच्या सरांनी रोपांच्या सगळ्या नावपाट्यांवर टेप चिकटवली. "आता द्या गुण."

मी झोकात एका रोपावर बोट ठेवलं. "हे अव्वल!"

टेप निघाली. रूपालीचं!

सर म्हणाले, "मॅडम, मन मोठं आहे हो तुमचं!"

*

लेक तापली तेव्हा मी तीन दिवस रजेवर. रूपालीनं माझ्या रोपांना पाणी घातलं, वर फोन केला, "ताई, तुमचे रोपं मस्त हायेत. तुमी फक्त पोरीले पाहा." काही माणसं सुखानं जळूसुद्धा देत नाहीत!

*

शनिवारी पाळणाघर बंद. चार वर्षांच्या ओवीला सोबत नेलं. दाखवलं, "हे आपलं झाड, ते रूपालीमावशीचं." माश्यांनी भरलेलं रोगट रोप दोन्ही ट्रेंवर एकेकदा झटकलं. नियम तेवढाच. मग काय अंगात आलं कोण जाणे! इकडेतिकडे पाहिलं आणि रूपालीच्या ट्रेवर आणखी एकदा झटकलं.

मागे दारात रूपाली. "झालं का, ताई?"

"झालं ना! दोघींना अगदी सारखं."

ओवीनं गाल फुगवले. डोळ्यांत पाणी.

"आई, मावशीच्या झाडाले दोनदा देलं! आपल्याले एकदाच कावून?"