गोठ्याला चार स्टार

मी सिनेमावर लिहितो. पुण्यात बसून, एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानावर. माझी मतं ठाम असतात असं वाचक म्हणतात. बायको त्याला नाकाने कांदे सोलणं म्हणते. मोठ्या बॅनरचा सिनेमा आला की माझ्या बोटांना खाज सुटते. त्यातलं घर म्हणजे फर्निचरचं दुकान, त्यातली सासू जरीची साडी नेसून, हातभर बांगड्या घालून पुरण वाटणार, आणि त्यातल्या गावात औषधालासुद्धा शेण दिसणार नाही. "कुठल्या घरातली बाई असा स्वयंपाक करते?" हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की उपसंपादक ते न वाचताच पुढे सरकवतो. उलट कमी पैशात केलेला, नट नसलेल्या माणसांचा छोटा सिनेमा आला की मी विरघळतो. हलता कॅमेरा, लांबलेली शांतता, पोपडे उडालेली भिंत. पोपडे दिसले की मला सत्य सापडल्यासारखं होतं.

गेल्या थंडीत असाच एक सिनेमा माझ्याकडे आला. दिग्दर्शक तरुण, पहिलाच प्रयत्न. लिंक पाठवली होती, मी लॅपटॉपवर पाहिला. कोरडवाहू गावातली एकटी म्हातारी, शहरात जाऊन परत न आलेला मुलगा, एक शेळी आणि पाचटानं शाकारलेली झोपडी. म्हातारी रस्त्यावर सांडलेलं धान्य वेचते, चूल पेटवते, वाट बघते. मी भारावून गेलो. शेवटी नावं पडद्यावरून सरकत होती तेव्हा मी दुसऱ्या खिडकीत लिहायला सुरुवातसुद्धा केली होती. "या चेहऱ्याला भूक माहीत आहे," मी लिहिलं. "ही झोपडी कुणी उभारलेली नाही, ती आहे."

पाचपैकी चार स्टार दिले. एक कापला. सगळेच्या सगळे दिले की समीक्षकाची किंमत जाते, म्हणून काहीतरी खोट काढावी लागते. आणि मला एक प्रसंग खरोखरच खटकला होता. निवडणुकीच्या प्रचाराला आलेल्या चार माणसांना म्हातारी घरातलं शेवटचं पीठ काढून भाकऱ्या करून वाढते. त्यावर मी लिहिलं, "इथे अभिनय खोटा पडतो. उपाशी बाईचा हात वाढताना इतका सैल नसतो." हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

चैत्रात दाजींचा फोन आला. माझी अक्का उंब्रजच्या अलीकडच्या एका गावात दिलेली. आमचं स्वतःचं गाव विट्याजवळ, पण वडील सोनं गाळायच्या धंद्यापायी आयुष्यभर परमुलखात राहिले आणि तिथेच गेले. आता मला जायला हक्काचं घर म्हणजे अक्काचंच. दाजी म्हणाले, "पाव्हणं, औंदा जत्रंला यायचंच. तुमी लिवलेला पिच्चर पडद्यावर लावनार हाय. हितंच झालंय की शूटिंग. कमिटीनं तुमचा सत्कार ठेवलाय."

तेव्हा मला आठवलं. मागे कधीतरी अक्का फोनवर सांगत होती, आमच्याकडं शूटिंगवाली माणसं आल्यात म्हणून. साताऱ्याकडे रोज कुठे ना कुठे मालिकेचं शूटिंग चालूच असतं, तसंच काहीतरी असेल म्हणून मी "बरं बरं, नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला होता. नंतर बोललो नाही. तर सिनेमा अक्काच्या गावातला निघाला. मला आनंदच झाला. झोपडी कुठेतरी गावाबाहेरच्या वस्तीवर असणार, म्हातारीही तिथलीच कुणी, असं मी धरून चाललो. विचारलं मात्र कुणालाच नाही.

हायवेवर वाहनं अडकली होती, त्यामुळे अक्काच्या घरी न जाता थेट ग्रामपंचायतीच्या पटांगणात पोचलो. दिवेलागण झाली होती. पडदा बांधून तयार होता, पुढे बायका बसल्या होत्या. पहिल्या रांगेत अक्काच्या सासूबाई, म्हणजे मावशी, हिरवी जरीची साडी, नाकात नथ, डोक्यावर पदर. मी नेहमीसारखा वाकून पाया पडलो. खुर्च्यांच्या रांगेत त्यांचे मालक, निवृत्त सुभेदार, कडक इस्त्रीच्या कपड्यात ताठ बसलेले. मला त्यांच्या शेजारीच बसवलं.

सत्कार झाला. फेटा बांधला, शाल, नारळ. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी मोबाइल वर धरून माझ्या परीक्षणातल्या कौतुकाच्या तेवढ्या ओळी माइकवर वाचल्या. "या चेहऱ्याला भूक माहीत आहे," हे त्यांनी दोनदा वाचलं. मी मान खाली घालून विनय दाखवत होतो. मग मला बोलायला उभं केलं.

मी काय बोललो ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. मी म्हणालो, मोठ्या सिनेमावाल्यांना कोट्यवधी ओतूनही जे जमत नाही ते तुमच्या गावातल्या एका झोपडीनं केलंय. म्हणालो, त्या म्हातारीला अभिनय करावाच लागलेला नाही, तिच्या वाट्याला जे आलं तेच तिनं दाखवलं. दिग्दर्शकानं तिला कुठून शोधून आणलं देव जाणे.

पटांगण गप्प झालं. मला ती शांतता माझ्या शब्दांची वाटली. दाजी एकटक माझ्या फेट्याकडे बघत होते. मग मागून कुणीतरी ओरडलं, "पाव्हणं गंमत करत्यात रं!" आणि सगळे सुटल्यासारखे हसले. काही न कळता मीही हसलो. पाहुण्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही ही आमच्याकडची रीत. त्या रीतीनं मला आणखी थोडा वेळ तसंच राहू दिलं.

सिनेमा सुरू झाला. झोपडी पडद्यावर आली आणि पोरंसोरं उठून उभी राहिली. "सुभेदारांचा गोठा! आरं, म्हशी कुठं गेल्या?" "पत्रा काडून पाचट घातलंया बग!" "त्यो खिळा बग, दाव्याचा!"

गोठा. अक्काच्या घरामागचा गोठा. त्याच्या कडेच्या नळावर अक्काच्या लग्नापासून मी दर खेपेला हातपाय धुतलेत. कोरडवाहू गावातल्या झोपडीवर उसाचं पाचट कुठून आलं, एवढंही मला लॅपटॉपसमोर सुचलं नव्हतं. आणि मग म्हातारी दारातून वाकून बाहेर आली. केस विस्कटलेले, कपाळ मोकळं, तोंडाला काहीतरी काळं फासलेलं, अंगावर विटकं लुगडं. बायकांत कालवा झाला, आणि पुढच्या रांगेतल्या मावशींनी लाजून पदर तोंडाला लावला.

मी पडद्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी त्यांना नमस्कार करत आलोय. पण पाया पडताना माणसाचा चेहरा कुठे दिसतो? त्यानंतर मी बैठकीत दाजींशी बोलायचो, आणि ताट समोर यायचं. ताटामागचा चेहरा मी कधी नीट पाहिलाच नव्हता. धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं झालं. शाल अंगाला टोचायला लागली, पण काढून ठेवायचीही हिंमत होईना.

हसणं फार वेळ टिकलं नाही. मावशी रस्त्यावर बसून धान्य वेचायला लागल्या तसं पटांगण निवत गेलं. पडद्यावर आपल्यातलीच एक बाई मातीतून दाणे उचलत होती, आणि ते बघणारा प्रत्येकजण कधी ना कधी तिच्या घरी पोटभर जेवलेला होता. शूटिंगच्या दिवसांत तर सगळं युनिट तिनंच पोसलं, झुणका-भाकरी आणि वर दही. हे मला दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवरच्या माणसानं हळूच सांगितलं. सुभेदार उठले, कपडे नीट केले आणि दोन रांगांमधून सरळ चालत घरी गेले. त्यांच्याकडे बघायचं नाही म्हणून सगळे पडद्याकडे बघत राहिले.

एकाच ठिकाणी पटांगण पुन्हा जागं झालं. प्रचाराला आलेल्या माणसांना म्हातारी भाकरी वाढते तो प्रसंग. भाकरीवर भाकरी, कालवणाची पळी काठोकाठ. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत म्हणाल्या, "हितं मातर मावशीच हैत, बगा." नेमका हाच हात मी खोटा ठरवला होता.

सिनेमा संपल्यावर टाळ्या वाजल्या, पण उरकल्यासारख्या. मग कमिटीनं दुसरा सिनेमा लावला. मोठा, रंगीत, गाण्यांचा. मी त्याला दीड स्टार दिला होता. त्यातली सासू जरीची साडी नेसून पुरण वाटत होती, आणि पटांगणात बसलेली एकूण एक बाई जरीची साडी नेसून, नैवेद्याचं पुरण वाटूनच आली होती. कुणालाही त्यात काही खोटं वाटलं नाही. मावशी मांडी सैल करून निवांत बघायला लागल्या. तो सिनेमा चांगला होता असं मी आजही म्हणणार नाही. तो रद्दीच होता. पण कुठल्या घरातली बाई असा स्वयंपाक करते, हा माझा प्रश्न मात्र मेला.

घरी आल्यावर अक्का स्वयंपाकघरात एकटी होती. माझ्या हातात पाण्याचा तांब्या देत म्हणाली, "आरं, तुला खरंच वळकू आल्या न्हाईत व्हय?"

मी तांब्या तोंडाला लावला.

"आमाला वाटलं, घरचं मानूस म्हनून तू इतकं चांगलं लिवलंस. ह्यांनी साऱ्या गावाला सांगितलं तसं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सासूबाईस्नी मीच वाचून दाखिवलं. त्यो वाडायचा सीन हाय न्हवं, त्याचं जे लिवलंस, तेवडं न्हाई वाचलं मी."

सकाळी सुभेदार गोठ्यात म्हशीला वैरण टाकताना दिसले. पत्रे परत बसवले होते, पण भिंतीला सिनेमावाल्यांनी फासलेला काळा रंग अजून गेला नव्हता. मी जाऊन उभा राहिलो. माफी मागायची होती, पण सुरुवात कुठून करायची ते कळेना. शेवटी तेच बोलले, माझ्याकडे न बघता.

"पाव्हणं, मी पलटणीत असताना ही एकटीच हुती हितं. शेत, पोरं, म्हातारा-म्हातारी, समदं तिनं बगितलं. दारातनं कवा कोन उपाशी गेलं न्हाई." वैरणीची पेंढी सोडून झाल्यावर म्हणाले, "तिला हौस हुती पिच्चरमदी दिसायची. म्हनून मी हू म्हनलं. पन मानसं आता तिच्याकडं बगून काय म्हनत असतील?"

"माझी चूक झाली मामा," मी म्हणालो.

"तुमची कशी? तुमी जे दिसलं ते लिवलं," ते म्हणाले. टोमणा असता तर बरं झालं असतं. ते मनापासून बोलत होते.

दुपारी तिखटाचा नैवेद्य. घरभर मटणाच्या रश्श्याचा वास, अंगणात पंगती, येईल त्याला ताट. मावशी आदल्या दिवशीचीच हिरवी साडी नेसून, पदर खोचून वाढत फिरत होत्या. सुभेदार माझ्या शेजारी बसले होते. मावशी माझ्यासमोर आल्या आणि थांबल्या.

"पाव्हणं, एक इचारू?" त्या म्हणाल्या. "पाच असत्यात म्हनं तुमच्यात. आमाला चार दिलं. एक कशापायी कापला? माजं कुठं चुकलं का?"

त्या रागावलेल्या नव्हत्या. शाळेतल्या पोरीनं पेपर तपासून मिळाल्यावर विचारावं तसं विचारत होत्या. सुभेदारांचा घास हातातच राहिला. काल गावापुढे बायको मातीत बसलेली पाहिलेला तो माणूस निदान एवढं तरी ऐकायला थांबला होता, की ती चांगली दिसली. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"आवाज," मी म्हणालो. "आवाजाचं काम नीट नव्हतं मावशी. तुमचं काहीच चुकलं नाही."

"तरीच!" त्यांचा चेहरा उजळला. "काल मागं बसलेल्या बायांस्नी बी काय ऐकू येत न्हवतं." आणि माझी भाकरी अर्धीही संपलेली नसताना त्यांनी दुसरी अख्खी भाकरी ताटात टाकली, वर रश्श्याची पळी, तिच्यावर आणखी एक, रस्सा ताटाच्या काठाला लागेपर्यंत. सुभेदार पुन्हा जेवायला लागले.

मी मान खाली घालून खात राहिलो. पुरे म्हणायला जीभ उचलली नाही.