कारंज्यावरची टाचणी

रस्तेमोजणीच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर टाचणीकाकांनी जुन्या नकाशांचा संसार मांडला. एका वाचनालयाने शहराचे जुने नकाशे इंटरनेटवर टाकले होते. जुन्या नकाशावरची एखादी जागा हेरायची, तीच आजच्या नकाशावर शोधायची आणि दोन्हीकडे टाचणी मारायची. अशा सहा-सात टाचण्या झाल्या की जुनं शहर आजच्या शहरावर चपखल बसतं. बाकीचे स्वयंसेवक हे काम फावल्या वेळात करत. काका जावयाची सरबराई करावी तसं करत.

त्रेसष्ट नकाशे त्यांनी बसवले. पहिली टाचणी कायम चौकातल्या दगडी कारंज्यावर. ‘घरं पडतील, रस्ते वळतील, कारंजं हलायचं नाही,’ असं नवशिक्यांसाठीच्या सूचनांतही त्यांनी ठणकावून लिहिलं होतं. चाळीस जण त्याबरहुकूम टाचण्या मारत होते.

दरवेळी जुनं इस्पितळ तेवढं नदीत जायचं. त्यावर काकांनी जाहीर शेरा मारला होता : ‘नकाशा काढणारा प्यायलेला असावा.’

त्या दुपारी त्यांची थोरली बहीण मटार सोलत शेजारी बसली होती. तिने पडद्याकडे पाहिलं.

“काय रे, पेशंट पोहत जायचे का?”

“अक्का, शास्त्र आहे ते. तुला नाही कळायचं.”

“मग शास्त्राला सांग, कारंजं आधी दोन चौक पलीकडे, आमच्या शाळेसमोर होतं. रस्ता रुंद केला तेव्हा दगड सुटे करून चौकात नेऊन बांधलं. आम्ही मुली खिडकीतून बघत होतो. तू पाळण्यात अंगठा चोखत होतास.”

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. तीही नेमकी दोन चौक.

“मला कोणी सांगितलं कसं नाही?”

“तू कधी कुणाला विचारलंस?”

काकांनी कारंज्यावरची टाचणी उपटली. नकाशा सरकला. इस्पितळ नदीतून निमूट बाहेर आलं आणि काठावर उभं राहिलं. काका तोंडाचा आ वासून बघत राहिले. नकाशेवाला शुद्धीत होता!

गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण एकेक अक्षर शोधत त्यांनी सूचनांच्या वर लिहिलं : ‘कारंजं हललेलं आहे. त्रेसष्ट नकाशे चुकलेत, चूक माझी. नकाशेवाल्याची माफी मागतो.’

“आता शाळेवर मार टाचणी,” अक्का म्हणाली. “ती आहे तिथेच आहे.”

“नक्की?” काकांनी जन्मात पहिल्यांदा विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता चपला घालून, मोजपट्टी खिशात टाकून शाळेकडे निघाले.