वर्सोव्याच्या वाळूवर दोन स्कोप

स्पॉटिंग स्कोप दुकानात उभं राहून घ्यायचा नसतो. समोरच्या इमारतीवरची पाटी कुठल्याही स्कोपमधून वाचता येते, आणि विक्रेता लगेच म्हणतो, "बघा मॅडम, एकदम क्लिअर." खरी परीक्षा पाण्यावर, वाऱ्यात आणि उन्हात होते. म्हणून एका हिवाळी शनिवारी मी आणि माझी मैत्रीण उज्ज्वला घाटकोपरच्या ओळखीच्या दुकानातून दोन स्कोप चाचणीसाठी घेऊन निघालो. दुकानदाराने आमची ओळखपत्रं ठेवून घेतली आणि बजावलं, "रात्री आठला शटर खाली, त्याच्या आत परत."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. स्कोप म्हणजे ट्रायपॉडवर बसवून एका डोळ्याने बघायची लांब पल्ल्याची दुर्बीण. आमच्याकडे एक मोठा होता, ऐंशी मिलिमीटर काचेचा, वीसपासून साठपटीपर्यंत झूम होणारा. दुसरा लहान, हलका, कमी पटीचा, पण जास्त रुंद दिसणारा. उज्जूला लहान आवडला होता, मला मोठा. साठपट म्हटल्यावर माझ्या तोंडाला पाणीच सुटलं होतं.

पहिला मुक्काम पवई. मुलुंडहून येत असाल तर रिक्षाने सकाळी लवकर पोचा, नंतर त्या रस्त्याला गर्दीत वाट लागते. तलावाच्या काठाशी जांभळ्या पाणकोंबड्या फिरत होत्या. मोठ्या स्कोपमधून मला बगळ्याच्या डोळ्याभोवतीची पिवळी कड दिसली आणि घ्यायचा तर मोठाच, असा निर्णय मी तिथेच जाहीर केला. आमच्या पक्षीवाल्यांत ही खोड आहेच. शेपटीचं टोक दिसलं की नाव घ्यायचं, जो आधी घेईल त्याचा मान. मी त्यात पटाईत, आणि चुकले तरी फारसं काही बिघडत नाही, लोक हसतात आणि चहा मागवतात.

"थांब जरा, समुद्र बघू दे," उज्जू म्हणाली. "तुझं नेहमीचंच आहे, बघायच्या आधी बोलायचं."

साकीनाक्याहून मेट्रो घेतली. तपासणीत ट्रायपॉडवरून थोडी चौकशी झाली, तो पिशवीत घालून नेलात तर बरं पडेल. वर्सोवा स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळतात, त्या थेट गावात सोडतात. धक्क्याजवळच्या एका छोट्या खाणावळीत बोंबील फ्राय आणि तांदळाची भाकरी खाल्ली. झकास जेवण, आणि खिशाला परवडणारं. मग सुकत घातलेल्या मासळीच्या कडेकडेने पुढे वाळूवर गेलो. भरपूर कुरव पक्षी होते. पण दुपारनंतर तिथे तोंड पश्चिमेला येतं, सूर्य समोर असतो. स्कोप चुकूनही सूर्याकडे वळवू नका, डोळा जाईल. आणि साठपटीवर उन्हाच्या झळांनी समुद्र नुसता उकळताना दिसतो, हेही तिथेच कळलं. कळलं, पण मी मान्य केलं नाही.

तेवढ्यात एक बाई आमच्याकडे जवळजवळ धावतच आली. हिरा तिचं नाव. मागे तीन-चार कोळणी उभ्या होत्या.

"ताई, यातनं लांबची बोट दिसंल का? माझ्या भावाची, नित्याची. सकाळीच यायची व्हती. विंजन बंद पडलं म्हणून दुसऱ्या बोटीवर वायरलेस आला, मंग काय नाय. रामा नाखवा त्याची बोट घेऊन शोधायला गेलाय, त्याचा पन फोन लागत नाय."

"बोट कशी आहे?" मी विचारलं.

"हिरवी. वर पिवळा पट्टा, आन् एका काठीला दोन बावटे."

मी मोठा स्कोप लावला. खरं सांगू का, थोडी ऐट वाटत होती. आता याचा काहीतरी उपयोग होणार होता. बराच वेळ नुसतं चकाकतं पाणी दिसत राहिलं. मग उन्हात एक काळा ठिपका सापडला. साठपट केलं. काठी दिसली, काठीवर दोन बावटे, खाली फिकट पट्टा.

"तीच आहे! येतेय!" मी ओरडले.

हिराने मला मिठी मारली. मागच्या बायका एकदम बोलायला लागल्या. तिने तिथूनच वहिनीला, नित्याच्या बायकोला, फोन लावला. "आली गो, आली बोट! ताईंनी दुर्बिनीत बघितली!" पलीकडून रडण्याचा आवाज मलाही ऐकू आला.

उज्जू लहान स्कोपला डोळा लावून होती. ती हळूच म्हणाली, "मेघा, अगं ती बोट मढकडे वळतेय, इकडे येत नाहीये."

मी पुन्हा पाहिलं. बोट वळली तसं ऊन बाजूला गेलं आणि रंग दिसला. निळी होती. सूर्य मागे असला की सगळे रंग काळे पडतात, हे मी नवख्या लोकांना शिकवत असते. साठपटीत मला काठी आणि पट्ट्याचा तुकडा तेवढा दिसला होता, आणि मी बोटीचं नाव घेऊन मोकळी झाले होते.

"हिराताई, ती नाहीये. माझं चुकलं."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पुन्हा फोन लावला आणि लांब जाऊन बोलली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"चल ना, निघू या," उज्जू म्हणाली. "आठच्या आत घाटकोपरला पोचायचंय."

"तू जा. मी नाही येत."

ती गेली नाही. दुकानदाराला फोन करून त्याची बोलणी खाल्ली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

ऊन उतरलं. लहान स्कोपमध्ये अंधारायला लागलं, तेव्हा मोठ्याची रुंद काच कामाला आली, पण वीसपटीवर ठेवून. मी डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवत होते. दर थोड्या वेळाने हिरा विचारायची, "काय?" आणि मी म्हणायचे, "अजून नाही."

मग दक्षिणेकडे एक बोट दिसली. तिच्या मागे थोड्या अंतरावर दुसरी, तशाच संथ गतीने येणारी. मागच्या बोटीवर माणसांच्या आकृत्या होत्या. ओरडावंसं वाटलं. मी बाजूला झाले.

"हिराताई, दोन बोटी आहेत. कुणाच्या ते मला सांगता येत नाही. तुम्ही बघा."

तिला आयपीसशी डोळा जुळवायला वेळ लागला. मग ती हललीच नाही. "पुढची रामाची," ती पुटपुटली. "मागची आमची वाटतेय, दोर लावून वढून आनतोय." तिच्या हातात फोन होता, पण तिने तो लावला नाही. बायका विचारत होत्या, ती नुसती हाताने थांबा म्हणत होती.

बोटी खाडीत शिरल्या तेव्हा आम्ही सगळ्या धक्क्यावर धावलो. नित्या दोर धरून उतरला, मिठाने पांढरा झालेला, थकलेला, धडधाकट. हिराने आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिथेच खाली बसली. मी रडत होते, उज्जूही.

मग हिराने वहिनीला फोन लावला, स्पीकरवर. "आला गो नित्या. धक्क्यावर हाय."

पलीकडून वहिनीचा आवाज आला, "या खेपेला कोनी सांगितलं?"

हिराने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने फोन नित्याच्या हातात दिला.

रात्री मुलुंडला घरी पोचले तेव्हा स्कोप अजून माझ्याकडेच होते. दुसऱ्या दिवशी लहान परत केला आणि मोठा विकत घेतला. तुम्हीही घेणार असाल तर काच मोठी घ्या, पटीच्या आकड्याला भुलू नका, आणि चाचणीला समुद्रावर जा. परवा ट्रायपॉड उघडताना नवऱ्याने कौतुकाने विचारलं, "कुठवरचं दिसतं गं यातून?" मी त्याला पवईचा बगळा सांगितला. वहिनीच्या त्या दोन मिनिटांच्या आनंदाबद्दल मी त्याला अजून सांगू शकलेले नाही.