जाळून पाहिलेली बटणं

काकांवर सूड उगवायचा, हे मी ठरवलं तेव्हा जामबागच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. काय झालं ते घरात सगळ्यांना माहीत आहे. पण पोरीने पोरबुद्धीने, पुढचं न कळता केलं, असं सगळे धरून चालतात आणि मीही ते तसंच चालू दिलं. न कळता काही केलं नव्हतं. काडेपेटी मी घरून नेली होती.

आमचं घर मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या बाजूला. दोन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये बाबांचा पायाने चालवायचा खराद, कातकामाचं यंत्र. त्यावर ते नारळाच्या करवंटीची बटणं कातायचे. आमचे लोक मूळचे निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्याकडचे शेतकरी, ही कला घरात कुणाची नव्हती. बाबा तरुणपणी इकडे आले आणि जुन्या शहरातल्या एका म्हाताऱ्या उस्तादांजवळ बसून शिकले. शेरवानीची बटणं, जपमाळेचे मणी, कधी कुणी सांगितली तर बायकांच्या गळ्यातली माळ.

करवंट्या आम्ही लग्नाच्या हॉलमागून आणि इडलीच्या हॉटेलांतून आणायचो. बाबा एकेक करवंटी बोटाने वाजवून घ्यायचे. कोवळी असली की बद्द आवाज येतो, ती चुलीला. पक्की असेल ती महिनोन्‌महिने पत्र्यावर सुकायची. मग काचेच्या तुकड्याने वरचे केस खरवडायचे, बारीक करवतीने चकत्या पाडायच्या, खरादावर गोल करायच्या, पॉलिश पेपरने घासायच्या आणि शेवटी खोबरेल तेलाच्या बोटाने चोळायच्या. तो शेवटचा हात माझा असायचा. तेल लागलं की मळकट तपकिरी चकती एकदम गडद व्हायची आणि आतून फिकट रेघा वर यायच्या. दोन बटणांच्या रेघा कधी सारख्या आल्या नाहीत.

या शहरात मोत्यांची दुकानं पावलोपावली. बाबा म्हणायचे, "मोती शिंपल्यातला, पोवळं समुद्रातल्या किड्याचं, तशी ही झाडाची. जिवंत वस्तूतून निघालेली ही रत्नं. लोक करवंटीला भिकाऱ्याच्या हातातली समजतात. समजू दे."

त्या वर्षांत बाजार उघडला होता. बाहेरचा माल यायला लागला, प्लास्टिकच्या बटणांची पाकिटं प्रत्येक दुकानात लटकू लागली. लोक शिंप्याकडे जायचे कमी झाले, तयार शर्ट घ्यायला लागले. शेरवानीवाले मास्टर वर्षाला दोनदा यायचे ते एकदा यायला लागले. उलट परदेशात म्हणे लोकांना प्लास्टिक नको झालं होतं, त्यांना लाकडाची, शिंपल्याची, करवंटीची बटणं हवी होती. हे आम्हाला काकांनी सांगितलं.

काका बाबांचे धाकटे भाऊ. दिलसुखनगरला त्यांचं दुकान होतं, अस्तर, लेस, बटणं, साडीचे फॉल. बोलायला गोड, इंग्रजी जमेल तेवढं पण न घाबरता. त्यांनी दुकानात फॅक्स मशीन घेतलं होतं आणि कुणी गिऱ्हाईक आलं की त्यावरचा रुमाल काढायचे. एके दिवशी ते घरी आले, बाबांच्या नमुन्यांचा पुठ्ठा काखेत मारून घेऊन गेले आणि पंधरा दिवसांनी एका साहेबांना घेऊन परत आले. साहेब दिल्लीच्या एका निर्यात कंपनीचे. परदेशी शर्टांना बटणं हवीत, कारखाना बघायचाय म्हणाले.

बाबा बनियनवर, अंगभर करवंटीचा भुसा, पाय खरादावर. मी पाण्याचे पेले घेऊन शेडच्या दारात उभी होते. काकांनी बाबांकडे हात केला आणि साहेबांना म्हणाले, "ये हमारे कारीगर हैं. बहुत पुराने. इनका हाथ बड़ा साफ है."

साहेबांनी मान हलवली. बाबांनी एकदा वर पाहिलं, मग परत खाली. पाय थांबला नाही. माझ्या हातातलं पाणी साहेबांनी घेतलं, आणि काकांनीही घेतलं.

संध्याकाळी मी बाबांना म्हणाले, "त्यांनी तुम्हाला कारागीर म्हटलं. भाऊ नाही म्हटलं."

"कामापुरतं बोलला असेल."

"का पण?"

"अगं, मालकाचा भाऊ भुशात बसलेला दिसला तर मोठी ऑर्डर कोण देतं? जाऊ दे."

त्यांनी जाऊ दिलं. माझ्या मनातून ते वाक्य गेलं नाही. कॉलेजच्या बसमध्ये, वर्गात, भांडी घासताना ते माझ्या कानात वाजायचं. ज्या माणसाने काकांना शहरात आणलं, आपल्या ताटातलं खाऊ घालून शिकवलं, त्याला त्याच्याच घरात त्यांनी नोकर करून टाकलं होतं.

पहिला माल बाबांनी जीव ओतून केला. आई, मी, बाबा, तिघंही त्यात होतो. माझी बोटं तेलाने काळी पडली. माल गेला, साहेब खूश, असं काका सांगून गेले. त्यानंतर मात्र ते यायचेच बंद झाले. बाबांनी विचारलं तर म्हणाले, "दादा, कंपनीनं नाद सोडला. फॉरेनचं असंच असतं." बाबांनी विश्वास ठेवला. पत्र्यावर सुकत घातलेल्या करवंट्या तशाच राहिल्या.

तीन-चार महिन्यांनी आईच्या साडीचा फॉल आणायला मी दिलसुखनगरला गेले. काका दुकानात नव्हते, नोकर फॉल शोधत आत गेला. गल्ल्यामागे उघड्या पोत्यांत तपकिरी बटणं दिसली. मी मूठभर हातात घेतली आणि मला क्षणभर आनंदच झाला, कारण मला वाटलं ती आपलीच आहेत. मग तळहातावर पसरून पाहिली. सगळ्यांवर एकच रेघ. उजवीकडून वळून वर जाणारी, एका बटणावर जशी तशीच दुसऱ्यावर, तशीच दहाव्यावर. ती रेघ मी ओळखत होते. बाबांच्या नमुन्याच्या पुठ्ठ्यावरचं वरच्या रांगेतलं पहिलं बटण. त्याचाच साचा काढला होता.

दोन बटणं मी मुठीत लपवून घरी आणली. सुई स्टोव्हवर लाल केली आणि टोचली. मेणात जावी तशी आत गेली आणि जळक्या प्लास्टिकचा वास घरभर झाला. मग तीच सुई मी बाबांच्या बटणाला लावली. ती आत शिरली नाही, फक्त एक काळा ठिपका पडला आणि जळक्या खोबऱ्याचा वास आला.

बाबांना दोन्ही दाखवली. ते बराच वेळ उजेडाकडे धरून बघत राहिले.

"हुबेहूब केलंय," म्हणाले. "करणाराचं डोकं आहे."

"बाबा, काका हे करवंटीचं म्हणून विकतायत. तुमचं बटण दाखवून."

"तू यात पडू नको."

ते उठून शेडमध्ये गेले. पण त्या दिवशी खरादाचा आवाज आला नाही.

मी वाट पाहायला लागले. दिल्लीचे साहेब पुन्हा कधी येणार, हे मला कळायला हवं होतं, आणि ते सांगायला काकांची मुलगी होती. माझ्याहून एक वर्ष लहान, आम्ही एकाच बसने कॉलेजला जायचो. मी तिला शेजारी बसवून घ्यायला लागले, डब्यातलं आवडीचं द्यायला लागले. एके दिवशी तिने आपण होऊन सांगितलं, येत्या गुरुवारी पप्पांचे दिल्लीवाले येणार, मम्मीला डबल का मीठा, तो पावाचा गोड पदार्थ, करायला सांगितलाय. मी तिला म्हणाले, वा, छान. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता आणि मला तिची तेव्हा दया आली नाही.

गुरुवारी दुपारी मी काडेपेटी आणि बाबांचं एक बटण पर्समध्ये टाकून दुकानात गेले. साहेब खुर्चीवर बसले होते, समोर काचेच्या काउंटरवर मखमलीच्या कापडावर बटणं मांडलेली. काका हसले.

"ये मेरी भतीजी. कॉलेज में पढ़ती है."

त्या दिवशी मात्र नातं आठवलं, असं माझ्या मनात आलं. मी साहेबांना नमस्कार केला आणि म्हणाले, "सर, मैं एक चीज दिखाऊँ? असली नारियल का बटन जलता कैसा है, वो."

काका म्हणाले, "अगं, आत्ता नको. नंतर दाखव."

साहेब मात्र म्हणाले, "दिखाओ, दिखाओ."

मी पर्समधलं बाबांचं बटण केसांच्या पिनेचा चिमटा करून त्यात धरलं आणि काडी लावली. ते हळूहळू कडेने काळं झालं, बारीक लालसर धगलं, पांढरट राख सुटली. मग कापडावरचं एक उचललं. काकांनी माझं मनगट धरलं, पण घट्ट धरलं नाही. साहेबांसमोर त्यांना तसं करता आलं नाही. काडी लागताच बटण पेटलं, काळा धूर निघाला आणि तपकिरी थेंब टपकन काउंटरच्या काचेवर पडला. पडला तिथेच घट्ट झाला.

साहेबांनी तो थेंब नखाने खरवडून पाहिला.

मी काकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मला पूर्ण पाहायचा होता, म्हणून मी मान वळवली नाही. "असली वाले मेरे पिताजी बनाते हैं," मी साहेबांना म्हणाले. "इनके बड़े भाई." आणि बाहेर पडले. बस थांब्यापर्यंत मी जवळजवळ पळत गेले. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

काकांची ऑर्डर गेली. साहेबांनी आधीचाही सगळा माल खोटाच धरला. महिन्याभराने आमच्या दारात एक पार्सल आलं, कारण पहिल्या मालाच्या पावतीवर आमचा पत्ता होता. बाबांनी पेटी फोडली. त्यांनी केलेली बटणं परत आली होती, आणि त्यांतली कितीतरी जळकी होती. तपासायला जाळलेली. बाबा जमिनीवर बसले आणि काळी वेगळी, चांगली वेगळी असे दोन ढीग करू लागले.

"ही खरी होती, तरी जाळली त्यांनी," ते एवढंच म्हणाले. माझ्याकडे पाहून नाही, बटणांकडे पाहून. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी तेल लावायला मला हाक मारली नाही. आईला लावायला सांगायचे.

मला वाईट वाटलं, ते बाबांच्या बटणांचं. बाकी कशाचं नाही.

पुढच्या वर्षी काकांचं दुकान उठलं. तिथे कोचिंग क्लास आला, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा. चुलत बहीण बसमध्ये पुढे बसायला लागली आणि मग तिने बसच बदलली. एकदा काकू मला मलकपेठच्या बाजारात भेटल्या. हातात भाजीची पिशवी, मनगटं रिकामी. साच्याच्या मशीनसाठी त्यांच्या बांगड्या गेल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"माझ्याकडे आली असतीस," त्या म्हणाल्या. "मी त्यांना समजावलं असतं."

"तुम्हाला माहीत होतं, काकू?"

त्या पिशवीतली मेथी नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, विचारलं म्हणून."

त्याच उन्हाळ्यात काका शेडमध्ये येऊन बसायला लागले. बाबांनी बोलावलं की ते आपण होऊन आले, मी विचारलं नाही. शेरवानीवाले मास्टर पुन्हा यायला लागले होते, कामाला हात हवे होते. काका पाट टाकून खाली बसायचे आणि काचेने करवंट्यांचे केस खरवडायचे. बाबा त्यांना कधी काही बोलले नाहीत. दुपारी दोघं एकाच ताटात जेवायचे आणि लहानपणीच्या कुठल्या तरी बैलाबद्दल बोलून हसायचे.

चहा मी न्यायची. बाबांचा कप हातात द्यायची, काकांचा जमिनीवर ठेवायची, त्यांच्या हातापासून जरा लांब, उठून घ्यावा लागेल असा. बाबांनी ते पाहिलं आणि एकदा म्हणाले, "माय, हातात दे ना."

"हौ," मी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच ठेवला.